बारावं पिंप

ईस्टरच्या सोमवारी आमच्या गावात घरोघरी ऑम्लेट होतं. काताला कुटुंबात ऑम्लेटनंतर भांडण होतं. यंदा रेजिसने भांडण येतानाच सोबत आणलं होतं, एका लोकरी मोज्यात घातलेल्या बाटलीतून.

"हे काय आणलंस?" क्लेमांस आत्याने त्याला दारातच अडवलं.

"जेवणानंतर सांगतो."

"मोजा धुतलेला आहे ना?"

"नवा आहे, आत्या."

"मग दुसरा कुठाय?"

रेजिस आत सरकला. तो पन्नाशीचा माणूस, तुलूजमध्ये त्याचं स्वतःचं ऑफिस आहे, घरच्या वाईनची सगळी विक्री तोच बघतो. पण या दारातून आत आलं की एक्याऐंशी वर्षांच्या आत्यापुढे त्याचं वय अकराच्या वर जात नाही. त्याने बाटली मोज्यासकट कपाटावर ठेवली आणि अंडी मोडायला बसला.

कातालांची वाईन पांढरी, ओकच्या पिंपात मुरवलेली आणि स्वस्त. या तीन गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत, आणि कातालांच्या घरीही त्या गुण्यागोविंदाने नांदतात असं म्हणता येणार नाही. बाटलीवर लिमूचं, म्हणजे आमच्या या भागाचं, नाव हवं असेल तर पांढरी वाईन ओकच्या पिंपातच आंबली पाहिजे आणि एक मेपर्यंत तिथून हलता कामा नये, असा आमच्याकडे कायदा आहे. दुसऱ्या प्रांतात इतक्या लाडाने वाढलेल्या वाईनला लोक कुलपात ठेवतात. कातालांची वाईन सुपरमार्केटमध्ये खालून दुसऱ्या कप्प्यावर असते, खाद्यतेलाच्या शेजारी. वीस वर्षं तिच्याबद्दल सगळे एकच वाक्य बोलत आले होते: किमतीच्या मानाने बरी आहे. दुकानदार हेच म्हणत, पाहुणे हेच म्हणत, रेजिसच्या थोरल्या बहिणीच्या, सोलांजच्या, लग्नात पाद्रीसुद्धा हेच म्हणाला होता. रेजिसच्या म्हाताऱ्या बापाला, ओनोरेला, हे वाक्य ऐकलं की दाढ ठणकल्यासारखं व्हायचं.

गेल्या वर्षी मात्र एका मासिकात दोन ओळी छापून आल्या आणि त्यांत किमतीचा उल्लेखच नव्हता. 'चांगली वाईन,' एवढंच लिहिलं होतं. ओनोरेने ते कात्रण चौकटीत बसवून संडासात टांगलं, कारण घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी तिथे निवांत बसतं आणि वाचायला तिथे दुसरं काही नसतं.

ओनोरे सकाळपासून तळघरात होता. चोवीस पिंपं दोन रांगांत आडवी होती आणि तो त्यांच्यामधून हात मागे बांधून फिरत होता. यातली कुठली पिंपं वर्षाच्या वाईनमध्ये एकत्र करायची आणि कुठली वगळायची, हे आज जेवणानंतर पक्कं व्हायचं होतं. घ्यायच्या पिंपावर खडूने गोल, वगळायच्या पिंपावर फुली. खडू एकाच माणसाच्या खिशात असतो आणि त्याने केलेली खूण दुसऱ्याने पुसायची नाही, असा या घरचा नियम आहे. दाराच्या तुळईवर खडू बाळगणाऱ्यांची नावं ओळीने लिहिलेली आहेत. ओनोरेचा आजा, त्याचा बाप, मग ओनोरे. त्याखाली 'ल्युक'. धाकट्या मुलाचं नाव ओनोरेने उत्साहाच्या भरात आधीच लिहून ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी वरच्या मळ्यात ट्रॅक्टर उलटला आणि खडू पुन्हा म्हाताऱ्याच्या खिशात आला.

त्यानंतर दोन वर्षांनी ओनोरे आलुबुखाराच्या झाडावरून शिडीसकट पडला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला आपटला. डॉक्टरांनी डोकं तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. चौथ्या दिवशी कॉफीला वास आला नाही. ओनोरेने कॉफीचा ब्रँड बदलून पाहिला. मग वसंतात परत येईल म्हणून वाट पाहिली. वसंत आला, बदाम फुलले, आणि त्याला नुसते दिसले. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. कातालांमध्ये माणूस आधी जातो आणि तो आजारी होता हे मागाहून कळतं, ती पद्धतच आहे.

ज्याला वास येत नाही त्याने वाईन चाखणं म्हणजे आंबट पाणी पिणं. तरी ओनोरेने दोन वर्षं निभावलं, ते नादेजमुळे. नादेज म्हणजे ल्युकची बायको. ती डंकर्कची, म्हणजे पार उत्तरेकडची, बिअर पिणाऱ्यांच्या मुलखातली. नवरा गेल्यावर माहेरी परत जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती राहिली. लाकूड दर आठवड्याला थोडी वाईन पिऊन टाकतं, तेवढी पुन्हा भरावी लागते, तळाचा गाळ काठीने ढवळावा लागतो. ते काम ती करायची. ओनोरे काचेच्या नळीने पिंपातली वाईन काढायचा आणि म्हणायचा, "तू आधी घे, मला तोंड धुवायचंय." नादेज घोट घ्यायची. वाईन चांगली असली की ती डाव्या बाजूचे केस कानामागे सारायची. नसली की केस होते तिथे राहायचे. मग ओनोरे स्वतः घोट घ्यायचा, छताकडे बघायचा, आणि गोल किंवा फुली काढायचा.

आज सकाळी तो तिला बोलवायला गेला, तर तिने केस घट्ट बांधून वर रुमाल आवळला होता.

"उकडतंय का तुला?"

"नाही, पापा."

"मग रुमाल कशाला?"

"ऑम्लेटमध्ये केस नकोत."

ओनोरेने रुमालाकडे पाहिलं. मग एकटाच तळघरात परत गेला.

नादेजने चाळीस अंडी फेटली. तिला सगळं पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. एकदा ओनोरेने कंदिलाच्या तेलाच्या बाटलीचं बूच वाईनचं समजून हुंगलं होतं आणि डोळे मिटून "सफरचंद" म्हणाला होता. आमच्या मोझाक द्राक्षांच्या वाईनला सफरचंदाच्या सालीचा वास असतोच, त्यामुळे उत्तर एरवी बरोबर आलं असतं. नादेजने बूच परत लावलं. म्हातारा आपले केस बघतो हे तिच्या लक्षात आलं होतं, त्या दिवसापासून ती केस मुद्दाम सारू लागली. मासिकातल्या त्या दोन ओळी तिने निवडलेल्या वाईनबद्दल होत्या. रोज संडासात बसून ती त्या वाचायची.

सगळं ठीक चाललं होतं, पण फेब्रुवारीत ती बाराव्या पिंपाशी उभी असताना तळघराचं दार वाऱ्याने उघडलं आणि तिचे केस डोळ्यांत गेले. तिने ते मागे सारले. ओनोरेने लगेच बाराव्यावर गोल काढला.

बाराव्या पिंपाला नेलपॉलिशचा वास येत होता. अजून दोन-तीन महिन्यांत त्याचं व्हिनेगर झालं असतं. ते एक पिंप बाकीच्यांत मिसळलं की वर्षाची वाईन संपली. नऊ आठवडे नादेज बाराव्यापाशी पुतळ्यासारखी उभी राहून आली. ओनोरे तिकडे बघायचाही नाही, कारण त्याच्या लेखी बारावं झालेलं होतं. खूण ती पुसू शकत नव्हती. त्याला सांगायचं तर 'मला माहीत आहे' हेही सांगावं लागणार. आणि हे सगळं सांगायचं कोणी? बिअरवाल्यांच्या पोरीने.

तिच्या एप्रनच्या खिशात एक पत्र होतं. लिमूच्या मोठ्या सहकारी संस्थेला वाईन चाखून निवडणारं माणूस हवं होतं, एक मेपासून. उत्तर उद्यापर्यंत द्यायचं होतं. नादेजला जायचं नव्हतं. पण दोन वर्षं ज्याच्यामागे लपून काम केलं, त्याने ते एकदाही तोंडाने म्हणू नये याचा तिला आता राग येत होता, आणि तो राग रुमालाखाली बांधून ती पॅन गरम करत होती.

जेवायला सगळे बसले तेव्हा रेजिसने सुरुवात केली.

"पापा, चहाची पुडी असते ना? तसंच. ओकचे तुकडे जाळीच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या टाकीत. सहा आठवड्यांत वाईनला ओकची चव येते. पिंपं नकोत, भरणं नको, ढवळणं नको."

"आणि लिमूचं नाव?"

"ते लावता येणार नाही. प्रांताचं लावू."

"ओकचा चहा असं लाव," क्लेमांस आत्या म्हणाली. "म्हणजे फसवणूक तरी नाही."

"आत्या, मी चाळीस दुकानं फिरतो. गिऱ्हाईक बाटली उचलतं, मागचं वाचतं आणि परत ठेवतं. पिंपाला कोण विचारतंय? आपल्याकडचा पिंपं दुरुस्त करणारा शेवटचा माणूस गेल्या वर्षी मुलीकडे राहायला गेला."

"पिंपं काढली तर ठेवणार कुठे?" ओनोरेने विचारलं.

"अर्धी कापली की कुंड्या फार सुंदर होतात," सोलांज म्हणाली. ती थोरली, कार्कासोनला तिचं औषधांचं दुकान आहे. बोलून झाल्यावर तिने पटकन पाव तोंडात घातला.

"तू कुठे पाहिल्यास?"

"दोन सांगून ठेवल्यात," ती पाव चावत म्हणाली.

"कोणाला?"

सोलांजने रेजिसकडे पाहिलं. रेजिस मिठाची बरणी शोधू लागला.

"काय लावणार आहेस?" ओनोरेने विचारलं.

"जेरेनियम, पापा."

"रंग कुठला?"

"लाल."

"लाल बरा," ओनोरे म्हणाला आणि ऑम्लेट खाऊ लागला. त्याला ते रबरासारखं लागत होतं, पण गेली दोन वर्षं सगळंच तसं लागत होतं.

मळा चौघांच्या नावावर आहे: ओनोरे, क्लेमांस, रेजिस, सोलांज. ल्युकचं नाव कागदावर चढायच्या आधीच ल्युक गेला. म्हणजे मतं दोन आणि दोन. हे गणित टेबलावरच्या प्रत्येकाने मनात केव्हाच करून ठेवलं होतं.

"पापा, मला पिंपांचा राग नाही," रेजिसचा आवाज खाली आला. तो खरं बोलत होता आणि त्यामुळे अवघडला होता. "पण तुमच्यानंतर त्या तळघरात उतरणार कोण? माझी पाठ गेलेली. सोलांजला दुकान. आत्या तर..."

"आत्या तर काय?"

"काही नाही. मी विचारतोय, आहे कोण आपल्यात?"

नादेज त्याच्याच ताटात वाढत होती. तिचं नाव कोणी घेतलं नाही. तिने त्याला जरा मोठा तुकडा वाढला आणि पुढे गेली.

कॉफीच्या आधी रेजिसने सगळ्यांकडे पाठ फिरवून पाच ग्लास भरले आणि प्रत्येकाखाली घडी घातलेली चिठ्ठी ठेवली. चार ग्लास त्याने ओनोरे हात धुवायला वर आल्यावर तळघरातून बाटल्यांत काढून आणलेल्या वाईनचे होते, एक मोज्यातला.

"मोज्यातला कुठला ते पापांनी ओळखलं, तर मी हा विषय आयुष्यात काढणार नाही. नाही ओळखलं तर पिंपं जातील. मतं फुटली की नाकाने ठरवायचं, ही तुमचीच रीत आहे, पापा."

ती खरंच ओनोरेची रीत होती. एकेकाळी तिने त्याची फार सोय केली होती.

"नादेज, तू भांडी घे," सोलांज म्हणाली.

"ती बसेल," ओनोरे म्हणाला.

"कशाला?"

"भांडी पळून जात नाहीत. नादेज, समोर बस. तू आधी घे."

"ती का आधी?" रेजिसने विचारलं.

"मला तोंड धुवायचंय."

त्याने पाण्याने खळखळून चूळ भरली आणि ग्लासांच्या वरून समोर पाहिलं. नादेजने एकेक करून पाचही ग्लासांतला घोट घेतला. घोट घेऊन झाल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवले. रुमाल जागच्या जागी होता. एक बट बाहेर नव्हती.

"रुमाल काढ की," ओनोरे म्हणाला. "घरातच आहेस."

"राहू दे, पापा."

"डोकं दुखेल."

"नाही दुखत."

"मला दुखेल तुझ्याकडे बघून."

"हा काय प्रकार आहे?" रेजिसने सोलांजला विचारलं. सोलांज बापाकडे बघत होती.

ओनोरेने पहिला ग्लास घेतला. थंड, आंबट. दुसरा. थंड, आंबट. तिसरा त्याने घाईने उचलला आणि थोडी वाईन मेजपोशावर सांडली. तो घाबरला होता. कोणी हसेल याची भीती त्याला नव्हती. तळघराचं दार बंद होईल आणि आपण वरच्या खोलीत खिडकीशी बसून राहू, याची होती. त्याने नादेजच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोन वर्षं तो तिच्या कानापर्यंतच बघत आला होता. आज डोळे पाहिले. ते भरले होते.

"तुम्हीच सांगा, पापा," ती म्हणाली.

तेव्हा त्याला कळलं की हिला माहीत आहे. पहिल्यांदा शरम वाटली. मग घट्ट बूट पायातून काढल्यावर वाटतं तसं वाटलं.

"मला वास येत नाही," ओनोरे म्हणाला.

"सर्दी झालीय?" रेजिसने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं सर्दी?"

"रेजिस," क्लेमांस आत्या म्हणाली, "गप्प बस. मला ठाऊक होतं."

"तुला?" ओनोरे तिच्याकडे वळला.

"नाताळात मी घेवडा जाळला होता. पातेलं फेकून द्यावं लागलं. तू दोनदा वाढून घेतलास."

"मलाही," सोलांज खाली बघत म्हणाली. "दुकानात आला होतात तेव्हा मी तुम्हाला कापूर हुंगायला दिला. तुम्ही म्हणालात, छान आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?" रेजिसने एकेकाकडे पाहिलं. "मला कोणी सांगितलं नाही ते?"

"तू मोजे विकत घेत होतास," आत्या म्हणाली.

रेजिस खाली बसला. मग पुन्हा उठला. "थांबा. मग दोन वर्षं वाईन केली कोणी? ते संडासातलं कात्रण?"

ओनोरेने हनुवटीने समोर दाखवलं. "वाईन चांगली असली की ती केस मागे सारते. मी बघतो."

"तुम्ही दोन वर्षं हिच्या केसांवर वाईन केलीत?"

"डाव्या बाजूच्या," ओनोरे म्हणाला. तपशील चुकीचा जाऊ नये म्हणून.

नादेजने पहिला ग्लास जवळ ओढला.

"हे तिसरं पिंप. नव्या लाकडातलं, त्याला अजून वेळ हवाय. हे सातवं, खिडकीखालचं. हेही सातवंच."

"नाही, ते आठ..." रेजिसने चिठ्ठी उघडून पाहिली. आठ लिहिलं होतं. मग त्याला आठवलं. "आठव्याचं बूच निघेना. मी सातव्यातलीच पुन्हा काढली आणि चिठ्ठी बदलायची राहिली."

"आठव्याचं बूच डावीकडे फिरवावं लागतं," नादेज म्हणाली. चौथा ग्लास तिने उचलून पुन्हा हुंगला. "ही तुझी मोज्यातली. आधी लाकडाचा मोठा वास येतो, मग मागे काहीच नाही. वाईट नाही, रेजिस. किमतीच्या मानाने बरी आहे."

क्लेमांस आत्याला ठसका लागला. सोलांजने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला, कारण ती स्वतःही हसत होती.

"आणि हा पाचवा," नादेज म्हणाली, "बारावं पिंप. हे खराब झालंय."

"बाराव्यावर तर गोल आहे!" रेजिस म्हणाला. "मी सगळ्यांत उत्तम म्हणून ते घेतलं."

"फेब्रुवारीत दार उघडलं होतं. वाऱ्याने केस डोळ्यांत गेले. मी मागे सारले."

ओनोरेने डोळे मिटले.

सोलांजने ग्लास नाकाशी नेला आणि झटकन लांब धरला. "अगं बाई! हे नेलपॉलिश आहे. मघापासून मला वाटतंय माझ्याच बोटांना येतोय."

"हे बाकीच्यांत गेलं असतं तर?" रेजिसने हळूच विचारलं.

"सगळी गेली असती."

रेजिसने मोज्यातल्या बाटलीला बूच लावलं. त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख फारसं दिसत नव्हतं. "तरी अट पापांनी ओळखण्याची होती," तो सवयीने म्हणाला.

"रेजिस, गप्प बस," या वेळी सोलांज म्हणाली.

"तुझ्या कुंड्या?"

"मातीच्या घेईन."

नादेजने एप्रनच्या खिशातून पत्र काढून मेजावर ठेवलं. संस्थेचं नाव सगळ्यांनी लांबूनच वाचलं. लिमूत ते न वाचता येणारा माणूस नाही.

"एक मेपासून बोलावलंय. उद्या उत्तर द्यायचंय."

"काय लिहिणार आहेस?" ओनोरेने विचारलं.

"मी इथे कोण आहे ते कळलं की लिहीन. ल्युक गेल्यापासून मला कोणी सांगितलेलं नाही. रेजिसने आत्ता विचारलं, आहे कोण आपल्यात, तेव्हा मी त्याच्या ताटात वाढत होते."

रेजिसचे कान लाल झाले. सोलांजने मेजपोशावरचा डाग नखाने खरवडला. अशा वेळी क्लेमांस आत्या एरवी बहिरेपणाचा आधार घ्यायची, पण आज तिने तो घेतला नाही. "बरोबर बोलतेय ती," आत्या म्हणाली. "माझं एक मत आहे. ते तिच्या बाजूला धरा."

"माझंही," सोलांज म्हणाली.

ओनोरे उठला. दारापाशी जाऊन वळला. "येतेस ना?"

तळघरात गारवा होता. तो सरळ बाराव्या पिंपाशी गेला आणि वेस्टकोटाच्या खिशातून खडू काढला. खडूला कार्निव्हलमध्ये उधळतात त्या रंगीत कागदाचे दोन तुकडे चिकटले होते, ते त्याने नखाने काढले. मग खडू तिच्यापुढे धरला.

"पूस."

"दुसऱ्याची खूण पुसायची नाही ना?"

"खडू ज्याच्याकडे आहे त्याने पुसायची. घे."

नादेजने खडू घेतला. बाहीने गोल पुसला आणि त्या जागी मोठी फुली काढली.

"मी तुला आधीच सांगायला हवं होतं," ओनोरे म्हणाला. "मला लाज वाटत होती. तुझी नाही, माझी."

"मला कळत होतं, पापा. म्हणूनच राग यायचा."

त्याने पहिल्या पिंपात नळी बुडवली, ग्लास भरला आणि तिला दिला.

"सांग."

"काय सांगू?"

"कसा वास येतो ते. दोन वर्षं मी नुसतं बघतोय."

नादेजने ग्लास हुंगला. तिला आमच्याकडचे शब्द फारसे येत नाहीत, म्हणून तिने स्वतःचे वापरले. सफरचंदाची साल, तव्यावर लोणी विरघळताना येतो तो वास, पावसानंतरचा बंदराचा धक्का. दुसऱ्या पिंपाला तिची आजी नाताळात भाजायची त्या पातळ बिस्किटांचा. तिसऱ्याला ताज्या रंधलेल्या फळीचा. ओनोरे प्रत्येक पिंपाशी डोळे मिटून ऐकत होता आणि मधूनच "लोणी खारं की बिनमिठाचं?" असं विचारत होता. खारं, ती म्हणायची. उत्तरेकडचं लोणी खारंच असतं. सातव्यापाशी तिने सांगायला जरा जास्त वेळ घेतला, कारण ते ल्युकने निवडून आणलेलं लाकूड होतं. ते दोघांनाही ठाऊक होतं आणि तिथे दोघंही थोडं रडले. बारावं वगळून तेवीस पिंपं झाली.

"एकूण कशी आहे यंदाची?" ओनोरेने विचारलं.

"चांगली."

"किमतीच्या..."

"किंमत रेजिस लावतो, पापा. वाईन मी केलीय."

ओनोरेने मान हलवली. मग दारापाशी जाऊन तुळईकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"खडू दे जरा."

"कशाला?"

या तळघरात त्याला असं आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"नाव लिहायचंय."

तिने खडू दिला. ल्युकच्या नावाखाली जागा कमी होती, म्हणून ओनोरेने अक्षरं बारीक काढली, पण पूर्ण काढली. लिहून झाल्यावर नादेजने हात पुढे केला, आणि त्याने खडू परत दिला.